माजी आमदाराने राज्यशास्त्र शिकवू नये काय? : कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू,
तसेच विद्या परिषद व राज्यशास्त्र अभ्यास मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : लोकप्रतिनिधी राहिलेल्या व्यक्तींना राज्यशास्त्राच्या अध्यापनास मनाई करणारे परिपत्रक मागे घेण्याबाबत

महोदय,

सत्र अर्ध्यावर आले असताना आपल्या कार्यालयातून निघालेले एक परिपत्रक संलग्न महाविद्यालयांना मिळाले. विधिमंडळाचे किंवा संसदेचे सदस्य राहिलेल्या कोणाही व्यक्तीस राज्यशास्त्र शिकवण्यासाठी यापुढे नेमू नये, मग ती नेमणूक तासिका तत्त्वावर असो, अभ्यागत म्हणून असो की मानद असो, असे त्यात म्हटले आहे. कारण म्हणून ‘शैक्षणिक वातावरणाची राजकीय तटस्थता’ एवढे चारच शब्द दिले आहेत. त्याच परिपत्रकाच्या दुसऱ्या परिच्छेदात राज्य विधिमंडळाच्या रचनेवरील आणि कामकाजावरील ऐच्छिक अभ्यासपत्रिका पुढील शैक्षणिक वर्षापासून बंद होणार असल्याचे कळवले आहे. ती अभ्यासपत्रिका मी शिकवत होते. परिपत्रक आले त्याच आठवड्यात प्राचार्यांनी मला बोलावून घेतले आणि, त्यांना स्वतःला ते पटलेले नव्हते हे स्पष्ट दिसत असूनही, माझे तास थांबवले.

याबाबत मी आपल्याला रीतसर अर्ज दिला होता. त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मिळाला, उत्तर मिळाले नाही. विद्यापीठ जनतेच्या पैशावर चालते आणि प्रश्नही माझ्या चार तासिकांपुरता उरलेला नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

माझा या प्रकरणात स्वार्थ काय, हे आधी सांगणे योग्य ठरेल. मी जिल्हा परिषदेत पाच वर्षे आणि त्यानंतर विधानसभेत दोन कार्यकाळ सदस्य होते. तिसऱ्या निवडणुकीत मतदारांनी मला घरी बसवले. त्यांच्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. घरी बसल्यावर मी राज्यशास्त्रात एम.ए. केले आणि सेट, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा, उत्तीर्ण झाले. सेटला वयाची अट नसते, ही फारशी कोणाला ठाऊक नसलेली सोय माझ्या कामी आली. परीक्षा केंद्रावरील पर्यवेक्षकांनी मला एखाद्या परीक्षार्थीची आई समजून फाटकाबाहेर थांबायला सांगितले होते, हे ओघात सांगते. पहिला तास घेण्यापूर्वी मी पक्षाच्या प्राथमिक सदस्यत्वाचा राजीनामा दिला. तसा नियम कुठेही नव्हता; मला तो आवश्यक वाटला. मतदारसंघात मी ‘ताई’ होते, वर्गात ‘मॅडम’ झाले, आणि या वयात नवे काम जमते आहे याचा आनंद मला आमदारकीच्या पहिल्या दिवसापेक्षा अधिक होता. तेव्हा हे पत्र त्रयस्थाचे नाही. वाचणाऱ्यांनी ते तसे वाचूही नये.

आता तक्रारी.

पहिली आणि मुख्य तक्रार तटस्थतेच्या कारणाविषयी आहे. महाराष्ट्रातील उच्च शिक्षण आणि कायदेमंडळ यांच्यामध्ये अशी भिंत कधी नव्हती. गोपाळ कृष्ण गोखले १८९९ मध्ये मुंबई कायदेमंडळावर गेले तेव्हा ते फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत होते. त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे मुंबई कायदेमंडळाचे सदस्य होते आणि पुढे प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले तेव्हा मुंबई कायदेमंडळातील कामाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. ‘हे कायदेमंडळात बसलेले आहेत, यांनी कायदा शिकवू नये’ असे त्या वेळच्या परकीय सरकारलाही सुचले नाही. स्वातंत्र्यानंतरही फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवणारे ग. प्र. प्रधान पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर गेले आणि तिथे विरोधी पक्षनेते झाले. साताऱ्याच्या महाविद्यालयात शिकवलेले प्रा. एन. डी. पाटील राज्याचे सहकारमंत्री झाले. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ ने तर ही वाट पक्कीच करून ठेवली आहे. आपल्या विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षकांच्या आणि ७ पदवीधरांच्या मतदारसंघांसाठी आहेत.

म्हणजे वर्गातून सभागृहात जाणाऱ्याचा आपण सत्कार करतो. सभागृहातून वर्गात येऊ पाहणारा मात्र आपल्याला संशयास्पद वाटतो. जाताना जो माणूस तटस्थ होता, तो परत येताना बाटलेला कसा ठरतो, हे परिपत्रकातील चार शब्दांवरून मला उमगले नाही. आणखी एक विसंगती आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाच्या अधिसभेवर विधानसभेचे आणि विधान परिषदेचे विद्यमान सदस्य नामनिर्देशित होतात. अंदाजपत्रकावर बोलण्यास, म्हणजेच विद्यापीठाचा पैसा कुठे जावा हे सांगण्यास, विद्यमान आमदार चालतो. माजी आमदाराने विधिमंडळ खर्चाच्या मागण्या कशा मंजूर करते हे सांगणारा अनुच्छेद २०३ समजावून सांगितला की मात्र वातावरण बिघडते.

मी वर्गात काय करत होते हे आपल्यापैकी कोणी येऊन पाहिले असते तर बरे झाले असते. कोणी आले नाही, म्हणून लिहिते.

दहाव्या अनुसूचीचे उदाहरण घ्या. पक्षांतरबंदी शिकवताना पक्षांचा उल्लेख टाळता येत नाही, आणि महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला २०२२ चा सत्तासंघर्ष वगळून हा विषय शिकवणे म्हणजे त्याची फसवणूक आहे. मी १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीपासून सुरुवात केली. एकतृतीयांश सदस्यांच्या फुटीला मिळणारे संरक्षण २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने कसे काढून घेतले, हे सांगितले. पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याला पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले तर अपात्रता लागत नाही, ही पोटकलमातील तरतूद वाचून घेतली. ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मग सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी सुभाष देसाई प्रकरणात दिलेला निकाल आणि त्यानंतर विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ रोजी दिलेला निर्णय, असे दोन्ही दस्तऐवज विद्यार्थ्यांपुढे ठेवले. लेखी काम असे दिले, की ज्या विद्यार्थ्याला जी बाजू पटत नाही त्याने त्याच बाजूचा युक्तिवाद लिहायचा. व्हिप, म्हणजे पक्षादेश काढणारा प्रतोद, कोण नेमतो, राजकीय पक्ष की विधिमंडळातील त्याच्या सदस्यांचा गट, या एका प्रश्नावर वर्ग दोन तास भांडला. माझे मत कोणी विचारले नाही असे नाही. विचारले. मी सांगितले नाही.

माझा पूर्वीचा पक्ष कोणता होता, हे विद्यार्थ्यांना मोबाईलवर अर्ध्या मिनिटात कळते. त्यामुळेच माझ्या प्रत्येक वाक्याकडे ते संशयाने पाहतात, आणि ते मला फार चांगले वाटते. ज्या अध्यापकाची राजकीय मते कोणालाच ठाऊक नाहीत, त्याच्या झुकत्या मापावर बोट ठेवणे कठीण असते. माझ्यावर ते कोणीही ठेवू शकतो. मतदान करणाऱ्या प्रत्येक अध्यापकाला राजकीय मत असते. तटस्थता हवी असेल तर ती शिकवण्याच्या पद्धतीत तपासावी लागेल. कोणाच्या चरित्रात ती सापडणार नाही.

दुसरी तक्रार बंद केलेल्या अभ्यासपत्रिकेविषयी आहे, आणि माझ्या जाण्यापेक्षा तिचे जाणे मला अधिक लागले आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला आपण राष्ट्रपतींचे आणीबाणीविषयक अधिकार शिकवतो, अमेरिकेच्या सिनेटची रचना शिकवतो, ब्रिटनमधील संकेत शिकवतो. ज्या सभागृहात त्याच्या महाविद्यालयाचे अनुदान, त्याच्या गावचा रस्ता आणि त्याच्या वडिलांच्या पिकाचा विमा यांवर बोलणे होते, त्या सभागृहाच्या वाट्याला एखादे प्रकरण येते, तेही बहुधा सदस्यसंख्या आणि पात्रता यांवर संपणारे. विधानसभेचे २८८ सदस्य आहेत आणि उमेदवाराचे वय किमान २५ वर्षे असावे लागते, एवढ्यावर उत्तरपत्रिकेत गुण मिळतात.

त्या २८८ जणांचा दिवस कसा जातो, हे कोणी सांगायचे? तारांकित प्रश्नांची छापील यादी मी वर्गात वाटत असे. त्यात उत्तरांचे ठरलेले साचे असतात : ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’, आणि त्यांखाली ‘प्रश्न उद्भवत नाही’. विद्यार्थ्यांनी एकेक ‘अंशतः खरे’ उत्तर घ्यायचे आणि कोणता अंश खरा आहे हे मंत्र्यांकडून वदवून घेणारा उपप्रश्न तयार करायचा, असा तो अभ्यास होता. पहिल्या वेळी सगळ्यांनी भाषणे लिहून आणली. एका विद्यार्थिनीचा उपप्रश्न मात्र एका ओळीचा होता : ‘चौकशी अहवाल शासनास कोणत्या तारखेस प्राप्त झाला?’ मी सभागृहात असताना इतका नेमका उपप्रश्न शिकायला मला बराच काळ लागला होता, कारण शिकवणारे कोणी नव्हते. ज्येष्ठ सदस्यांकडे पाहून जेवढे कळेल तेवढेच.

पुरवणी मागण्यांचेही, म्हणजे अंदाजपत्रकात मंजूर झालेल्या रकमेपलीकडच्या खर्चाच्या मागण्यांचेही, तसेच आहे. अनुच्छेद २०५ पाठ करणाऱ्याला त्या घटनात्मक आहेत एवढे कळते. अधिवेशनाच्या सुरुवातीला त्या मांडल्या जातात, चर्चेसाठी मोजका वेळ असतो, सगळ्या विभागांना त्यात जागा मिळत नाही, आणि मग उरलेल्या मागण्या एकामागून एक मतास टाकल्या जातात. ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे’, ‘प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे’, ‘होयचे बहुमत’. घड्याळ लावून पाहिले तर कोट्यवधी रुपये किती सेकंदांत मंजूर होतात ते दिसते. यात बेकायदा काही नाही, आणि मी विद्यार्थ्यांना तसे भासवलेही नाही. पण लोकशाहीचा गाभा म्हणून ज्या वित्तीय नियंत्रणावर आपण दहा गुणांचा प्रश्न काढतो, ते प्रत्यक्षात कसे चालते हे ठाऊक नसलेला पदवीधर नंतर वर्तमानपत्र वाचताना एकतर सगळे चोर आहेत असे म्हणतो किंवा सगळे ठीक आहे असे म्हणतो. दोन्ही उत्तरे आळशी आहेत.

समित्यांविषयी थोडक्यात लिहिते. लोकलेखा समिती, अंदाज समिती, आश्वासन समिती, रोजगार हमी योजना समिती, पंचायत राज समिती ही नावे पुस्तकात असतात. त्यांच्या बैठका लोकांसाठी आणि वार्ताहरांसाठी खुल्या नसल्यामुळे त्यांच्या कामाची रीत पुस्तकात नसते. मी तिथली गोपनीय माहिती कधी सांगितली नाही. त्याची गरजही पडत नाही. सचिवांना साक्षीला बोलावले असता कागद कसे मागावेत, महालेखापरीक्षकांच्या अहवालातील परिच्छेद कसा वाचावा, हे सांगण्यासाठी समितीत बसलेले असणे पुरेसे असते.

आणि कायदा माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे तर राज्य विधिमंडळाच्या अभ्यासाशिवाय कळतच नाही. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला. देशाने तो मार्ग पुढे अनुसरला, हे सगळ्या पुस्तकांत आहे. त्यासाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला गेला, हे कमी ठिकाणी आढळते. वर्गातील एका विद्यार्थ्याने वडिलांची वेतनचिठ्ठी आणली होती. तिच्यात दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कपात होती. बेरीज अडीच हजार. अनुच्छेद २७६ ने या कराला घातलेली वार्षिक कमाल मर्यादा तीच, हे त्यानेच शोधून काढले आणि घरी जाऊन वडिलांना सांगितले. त्याचे वडील एका शाळेत शिपाई आहेत. इतकी वर्षे हे पैसे कशासाठी कापले जातात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आपण बंद केलेली अभ्यासपत्रिका ती ही.

तिसरी तक्रार पात्रतेच्या निकषांची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या नावाने मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रत्यक्ष क्षेत्रात किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीला औपचारिक शैक्षणिक अर्हतेची अट न लावता नेमता येते. अशा नेमणुका मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू नयेत आणि एकूण मुदत चार वर्षांपलीकडे जाऊ नये, असे त्यात आहे. सामाजिक शास्त्रे आणि लोकप्रशासन ही क्षेत्रे त्यात नावानिशी आहेत. सनदी अधिकारी, सैन्याधिकारी, वकील, सनदी लेखापाल, उद्योजक यांच्यासाठी दार उघडे आहे. माझ्या महाविद्यालयाने या सूचनांच्या आधारे माझ्यासाठी प्रस्ताव पाठवला होता. जिल्हा परिषदेची पाच आणि विधानसभेची दहा मिळून पंधरा वर्षे भरतात. विद्यापीठ कार्यालयातून तोंडी उत्तर मिळाले, की राजकारण हा व्यवसाय नव्हे, ती सेवा आहे, सबब तिचा अनुभव मोजता येत नाही.

आमच्या क्षेत्राबद्दल इतके उदात्त उद्गार मी एरवी फारसे ऐकले नाहीत, म्हणून त्याबद्दल आभार मानते. पण ज्या जिल्हाधिकाऱ्याने अंमलबजावणी केली त्याचा अनुभव मोजायचा आणि ज्या सदस्याने तो कायदा संमत करताना दुरुस्त्या सुचवल्या त्याचा मोजायचा नाही, हा भेद कोणत्या तत्त्वावर केला, हे लेखी कळले पाहिजे. शिवाय माझ्याकडे पदव्युत्तर पदवी आहे आणि सेटही आहे. नेहमीच्या वाटेने आले तर परिपत्रक अडवते, अनुभवाच्या वाटेने आले तर व्याख्या अडवते. सूचनांमधील पंधरा वर्षांची अटही विचार करण्यासारखी आहे, कारण विधानसभेत सलग तीनदा निवडून येणे ज्याला जमले त्याला बहुधा चौथ्यांदा उभे राहायचे असते. शिकवायला येण्याची शक्यता एक-दोनदा निवडून येऊन थांबलेल्यांचीच अधिक.

चौथी गोष्ट तक्रार नाही, माझ्याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, आणि तो आपल्या परिपत्रकात नसला तरी अध्यापकांच्या खोलीत मी ऐकला आहे. नेट, सेट, पीएच.डी. झालेली मुले-मुली वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबत आहेत, त्यांचे मानधन वेळेवर निघत नाही, पदभरतीची वाट पाहता पाहता त्यांची उमेदीची वर्षे सरत आहेत. अशा वेळी निवृत्तिवेतन मिळणाऱ्या माजी आमदाराने त्यांचे तास का घ्यावेत? हा प्रश्न रास्त आहे. सभागृहात असताना रिक्त प्राध्यापक पदांवर मी लक्षवेधी सूचना मांडली होती, आश्वासनही मिळाले होते. त्या आश्वासनाचे पुढे काय झाले हे या सहकाऱ्यांच्या आजच्या अवस्थेवरून कळते. म्हणूनच माझी मागणी अशी आहे, की माजी लोकप्रतिनिधीला दिलेला एकही तास मंजूर कार्यभारातून वजा होऊ नये. आयोगाच्या सूचनांमध्ये मानद नेमणुकीचा स्वतंत्र प्रकार आहेच. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला त्याच प्रकारात नेमावे आणि मानधन देऊ नये. मला ते मान्य आहे आणि महाविद्यालयाला तसे लिहूनही दिले होते. परंतु परिपत्रकाने मानद अध्यापनही बंद केले आहे, त्यामुळे तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांच्या हितासाठी हा निर्णय घेतला असे आता कोणी म्हणू शकत नाही.

माझ्याच जमातीविषयी दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. प्रत्येक माजी आमदाराला वर्गात पाठवा असे मी म्हणत नाही. आमच्यापैकी अनेकांना पन्नास मिनिटे मिळाली की त्याची सभा होते. अनेकांना आठवणी असतात, विषय नसतो; आणि काही जणांच्या आठवणी विद्यार्थ्यांनी ऐकू नयेत अशाही आहेत. पुढच्या निवडणुकीची तयारी म्हणून महाविद्यालयात वावरणारेही निघतील. त्यांना अडवलेच पाहिजे. त्यासाठी मुलाखत आहे, तज्ज्ञ समितीपुढे पाठ घेऊन दाखवण्याची पद्धत आहे, विद्यार्थ्यांचे अभिप्राय आहेत. माझी नेमणूक या सगळ्यांतून गेली होती आणि विद्यार्थ्यांचे अभिप्राय विभागाच्या कपाटात आहेत. ते कोणीही न वाचता निर्णय झाला.

पाचवी तक्रार लहान, पण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तातडीची आहे. अभ्यासपत्रिकेचे दोन घटक शिकवायचे राहिले आहेत, प्रकल्पांचे अंतर्गत मूल्यमापन अर्धवट आहे आणि परीक्षा जवळ आली आहे. पर्यायी व्यवस्था म्हणून ज्या तरुण सहकाऱ्यांवर हा भार टाकला, त्यांच्याकडे आधीच तीन पत्रिका आहेत. त्यांनी मला रात्री फोन करून टिपणे मागितली. मी ती दिली. परिपत्रकाने टिपणे देण्यास मनाई केलेली नाही, असे मी गृहीत धरले आहे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. सदर परिपत्रक मागे घ्यावे. त्याऐवजी वर्गातील राजकीय वर्तनाविषयी एकच आचारसंहिता करावी आणि ती कायम, तासिका तत्त्वावरील, अभ्यागत व मानद अशा सर्व अध्यापकांना सारखी लागू करावी. नेमणुकीच्या काळात कोणत्याही पक्षाचे पद धारण न करण्याची आणि निवडणूक लढवायची असल्यास आधी अध्यापन सोडण्याची अट लोकप्रतिनिधी राहिलेल्यांना जरूर घालावी. ती मी आजच लिहून देते.

२. राज्य विधिमंडळाच्या अभ्यासपत्रिकेबाबतचा निर्णय अभ्यास मंडळाकडे फेरविचारासाठी पाठवावा. अभ्यासक्रमाचा प्रश्न प्रशासकीय परिपत्रकाच्या दुसऱ्या परिच्छेदात निकाली काढला जाऊ नये. मंडळाने साधकबाधक चर्चा करून ती बंद करायची ठरवली तर माझी हरकत राहणार नाही. चालू तुकडीपुरते ती पूर्ण करू द्यावी, मग शिकवणारी व्यक्ती कोणीही असो.

३. अनुभवाधारित नेमणुकांसाठी ग्रामपंचायतीपासून विधिमंडळापर्यंतचा लोकप्रतिनिधित्वाचा काळ मोजायचा की नाही, हे विद्या परिषदेने ठराव करून ठरवावे आणि तो ठराव प्रसिद्ध करावा. उत्तर ‘नाही’ असेल तर कारणासह असावे.

४. अशा कोणत्याही नेमणुकीमुळे तासिका तत्त्वावरील अध्यापकाचा कार्यभार घटणार नाही, अशी स्पष्ट तरतूद करावी.

५. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेतर्फे विद्यापीठांतील राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरतो. त्यासाठीची विद्यार्थ्यांची निवड जाहीर निकषांवर व्हावी आणि त्यातील सहभागाला श्रेयांक मिळावेत. दोन्ही सभागृहांची कार्यवाही व समित्यांचे अहवाल विभागाच्या ग्रंथालयात आणावेत. यासाठी माजी आमदाराची गरज नाही.

६. चालू सत्रातील राहिलेले दोन घटक आणि प्रकल्पांचे मूल्यमापन पूर्ण करण्यासाठी, वरील मागण्यांचा निर्णय होईपर्यंत, मला किंवा अन्य पात्र व्यक्तीला परीक्षेपूर्वी परवानगी द्यावी. मला परवानगी मिळाल्यास मी मानधन घेणार नाही.

या पत्राची प्रत उच्च शिक्षण संचालकांना आणि अधिसभेच्या सर्व सदस्यांना, त्यात नामनिर्देशित आमदारही आले, पाठवली आहे. अधिसभेच्या येत्या बैठकीत हा विषय घेण्याची विनंती सदस्यांना स्वतंत्रपणे करत आहे. मला बैठकीत बोलण्याचा अधिकार नाही. प्रेक्षकांत बसण्याची परवानगी मिळाली तर मी येईन. मागण्यांवरील आपले उत्तर, होकारार्थी असो वा नकारार्थी, मागणीनिहाय आणि लेखी मिळावे. ‘हे अंशतः खरे आहे’ असे आल्यास कोणता अंश, हे विचारणारे विद्यार्थी आता तयार आहेत.

आपली विश्वासू,
माजी सदस्य, महाराष्ट्र विधानसभा
तासिका तत्त्वावरील अध्यापक (तास स्थगित), राज्यशास्त्र विभाग